घरातल्या घरात खानेसुमारी

खानेसुमारी हा शब्द आता मागे पडला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी तो सहज असे. खाने म्हणजे घरे आणि सुमारी म्हणजे मोजणी. इंग्रजी अमदानीत १८७२ साली हिंदुस्थानची पहिली शिरगणती झाली तेव्हा हा जुना शब्द कामी आला, आणि पुढे ‘जनगणना’ ह्या भारदस्त शब्दाने त्याला बाजूस सारले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी ही गणना २०२१ साली मात्र चुकली, आणि तिच्यासाठी २०२७ हे साल ठरले. त्याआधीच्या, म्हणजे २०११ च्या गणनेसाठी प्रगणक दारात आला होता तेव्हा त्याने काय काय विचारले होते, आठवते का? घरात रेडिओ आहे का? टीव्ही आहे का? टेलिफोन? संगणक असल्यास त्याला इंटरनेट आहे का? आपण ‘आहे’, ‘नाही’ म्हणत गेलो, आतून चहा आला आणि काम उरकले.

तोच प्रगणक आज पुन्हा आला आणि त्याने एवढेच विचारले, की “बाई, तुमच्या घरात इंटरनेटला जोडलेल्या वस्तू एकूण किती?” तर खात्रीने आकडा सांगणारी किती घरे निघतील? आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत मी हा प्रश्न टाकून पाहिला. कुणी चार म्हणाले, कुणी पाच. इतिहासाचे एक जुने प्राध्यापक “आमच्याकडे एकच आहे, आणि ते सूनबाईंच्या हातात असते” असे म्हणून मोकळे झाले. ज्यांनी घरी जाऊन खरोखर मोजले त्यांच्यापैकी एकाचाही अंदाज बरोबर निघाला नाही. मोबाइल आणि लॅपटॉप सगळ्यांच्या लक्षात होते. विसर पडला होता तो टीव्हीचा, छपाईयंत्राचा, मुलाच्या मनगटावरच्या घड्याळाचा, दारावरच्या कॅमेरावाल्या घंटेचा, हाक मारली की गाणे लावणाऱ्या डब्याचा, आणि दोन वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेल्या पण अजून चार्जरला लावलेल्या टॅब्लेटचा.

आता तुम्ही म्हणाल, मोजून करायचे काय? घरात चमचे किती हे तरी कोण मोजते? खरे आहे. पण चमचा आपल्या पाठीमागे कुणाशी बोलत नाही.

ही मोजणी समजायला पुण्याचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाड्याला बाहेरून पत्ता एकच. पोस्टमन दिंडीदरवाज्याशी येतो. आत कोण कुठल्या खोलीत राहते ते वाड्याच्या दिवाणजीला ठाऊक. आपल्या घरातला राऊटर, म्हणजे दोन-तीन काड्या उभारून बसलेला तो डबा, हा आपला दिवाणजी. घरातली वस्तू वायफायला जोडली गेली की हा तिला एक खोली देतो, म्हणजे एक क्रमांक देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. असे क्रमांक घरगुती वापरासाठी राखून ठेवावेत हे १९९६ साली ठरले, आणि म्हणून कोट्यवधी घरांत तेच ते क्रमांक पुन्हा पुन्हा येतात. तुमच्याही वाड्यात पाच नंबरची खोली आणि आमच्याही वाड्यात पाच नंबरची. नेहमीच्या घरगुती मांडणीत अशा २५४ खोल्या असतात. गंमत अशी की ही जागा भाड्याने, मुदतीवर दिलेली असते. मुदत संपली की भाडेपट्टा नवा. म्हणून आज पाचव्या खोलीत असलेला टीव्ही महिन्याने अकराव्या खोलीत सापडला तर घाबरू नये.

खोली बदलते; नाव सहसा बदलत नाही. प्रत्येक वस्तूला कारखान्यातच एक बारा अक्षरी-अंकी जन्मनाव मिळते. त्याचा पहिला अर्धा भाग हे आडनाव समजावे. त्यावरून वस्तू कुणी घडवली ते कळते. मात्र ही आडनावे फसवी असतात. स्वस्तातला विजेचा हुशार प्लग, दिवा, पंख्याचे बटण ह्यांच्या खोक्यावर नाव असते एका कंपनीचे आणि यादीत उमटते ‘एस्प्रेसिफ’. ही शांघायची, असल्या वस्तूंच्या पोटातली चिप बनवणारी कंपनी. कितीतरी घरांत ‘हा कोण परका एस्प्रेसिफ शिरला?’ म्हणून धावपळ होते आणि शेवटी तो न्हाणीघरातला गिझरचा प्लग निघतो. दुसरी अडचण टोपणनावांची. अँड्रॉइडच्या मोबाइलांनी २०१९ पासून आणि आयफोनांनी २०२० पासून आपले जन्मनाव लपवून प्रत्येक वायफायला निराळे खोटे नाव सांगायला सुरुवात केली. बाजारात, विमानतळावर कुणी आपला माग काढू नये म्हणून ही सोय. हेतू चांगला, पण घरच्या प्रगणकाची त्याने पंचाईत होते. ओळखायची एक खूण आहे: नावातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर ते टोपणनाव समजावे.

मोजायचे कसे? पहिला मार्ग दिवाणजीची वही पाहण्याचा. राऊटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की आत जोडलेल्यांची यादी मिळते. दुसरा मार्ग चौकात उभे राहून प्रत्येक खोलीला हाक मारण्याचा. “एक नंबर, कोण आहे? दोन नंबर, कोण आहे?” असे २५४ वेळा ओरडायचे आणि ओ देणाऱ्यांची नावे लिहायची. मोबाइलवरचे ‘फिंग’सारखे ॲप हे काम मिनिटभरात करते. संगणकावाल्यांचा लाडका ‘एनमॅप’ हा प्रोग्राम गॉर्डन लायन ह्या अमेरिकन गृहस्थाने १९९७ साली लोकांना खुला केला. त्याची कीर्ती एवढी, की २००३ च्या ‘मेट्रिक्स रीलोडेड’ चित्रपटात नायिका ट्रिनिटी तोच वापरताना दाखवली आहे. मात्र ही हाक आपल्याच वाड्यात मारावी. शेजारच्या घराच्या किंवा कचेरीच्या जाळ्यात मालकाच्या परवानगीवाचून शिरणे हे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात बसते. शिवाय एका हाकेवर भिस्त ठेवू नये. झोपलेला मोबाइल ओ देत नाही. सकाळी एकदा, रात्री जेवणानंतर एकदा अशी दोनदा गणना करावी.

हे सारे मला पुस्तकातून कळले नाही. ते कळले मुठ्याला.

मुठा हे गाव मुळशी तालुक्यात, मुठा नदीच्या खोऱ्यात आहे. पिरंगुटहून लवासाच्या रस्त्याला लागले की घाट ओलांडून तिथे जाता येते. वरच्या अंगाला टेमघरचे धरण, ज्याच्या गळतीची बातमी २०१६ साली गाजली होती. पुणेकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्यातला एक वाटा ह्याच खोऱ्यातून खडकवासल्याला उतरतो. ज्या मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या काचेच्या इमारती आहेत, त्याच तालुक्यात ही भातखाचरे आहेत. माझा आतेभाऊ त्या काचेच्या इमारतींत नोकरीला आणि आत्या खाचरांपाशी. वय अठ्ठ्याहत्तर. शहरात यायला तयार नाही. दोन वर्षांपूर्वी वस्तीवर बिबट्या येऊन गेला, तेव्हा आतेभावाने घरी दोन कॅमेरे बसवून घेतले: एक गोठ्यावर, एक ओसरीत. कचेरीत बसल्या बसल्या आई दिसते, म्हणून तो निर्धास्त होता. तक्रार एकच, ओसरीतला कॅमेरा दुपारी तासभर आंधळा होई. “माल टाकाऊ आहे,” असे तो म्हणे.

गेल्या भाऊबीजेला आम्ही तिकडे गेलो होतो. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, जेवणे झाल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, “आत्याआजी, तुझ्या घरात कोण कोण राहतं ते बघू या.” आत्या म्हणाली, “मी, आणि दोन म्हशी.” यादीत अकरा नावे आली.

मग आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसावे तसे कागद घेऊन बसलो. पहिला स्वतः राऊटर. दुसरा आत्याचा मोबाइल. टीव्ही तिसरा. दोन कॅमेरे धरून पाच. सहावा एस्प्रेसिफ, म्हणजे गिझर. माझा मोबाइल, भाचीचा मोबाइल आणि तिचा लॅपटॉप मिळून नऊ. उरले दोन. एकाचे आडनाव ओळखीचे नव्हते, दुसरा सरळ टोपणनावाने वावरत होता. अशा वेळी करायची युक्ती फार साधी आहे, आणि मला ती सगळ्यात आवडली: एकेक प्लग काढायचा, पुन्हा हाक मारायची आणि कोण गैरहजर आहे ते पाहायचे. आम्ही घरभर हिंडलो. माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, एक लहानसा पांढरा डबा भिंतीतल्या प्लगला लावलेला सापडला. धूळ इतकी, की त्याचा हिरवा दिवाही दिसत नव्हता. तो काढला आणि दोन्ही अनोळखी नावे एकदमच नाहीशी झाली.

आत्याला तेव्हा आठवले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागली. शेजारच्या घरातली मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिच्या घरी मोबाइल होता, पण रेंज नव्हती; ती पोर पावसात आत्याच्या ओट्यावर येऊन बसे. आत्याने लेकाला सांगितले आणि त्याने वायफाय लांबवणारा हा डबा आणून माळ्यावर लावला, म्हणजे तिला आपल्या घरी बसून शिकता येईल. टाळेबंदी उठली, शाळा उघडली, डब्याचा सगळ्यांना विसर पडला. मुलगी आता दहावीच्या वर्षाला आहे आणि अजूनही त्याच डब्यावर अभ्यासाचे धडे पाहते. भाची म्हणाली, “परक्या माणसाला असं आत ठेवायचं नसतं. काढून टाकते.” आत्याने तिचा हात धरला. “राहू दे गं. ती विचारून आलीय.”

आणि मग ओसरीतल्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, “ह्याला विचार की, हा कुणाला विचारून आला ते.”

दुपारच्या आंधळेपणाचा उलगडा तेव्हा झाला. जेवणानंतर आत्या ओसरीत चटईवर पडते. लुगड्याचा पदर सैल करून पडायची तिची पन्नास वर्षांची सवय. वर तो डोळा. लेकाने काळजीपोटी बसवला आहे, त्याला सांगायचे कसे? म्हणून ती रोज काठीने जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर टाकी आणि चहाच्या वेळी काढी.

भाचीने फोन करून आतेभावाकडून कॅमेऱ्याच्या ॲपचे पान मागवले. त्यात असे निघाले, की कॅमेऱ्याचा मालक आतेभाऊ नव्हताच. ज्या कारागिराने कॅमेरे बसवले त्याने ते स्वतःच्या मोबाइल नंबरावर नोंदवले होते, आणि आतेभावाला पाहुणा म्हणून पाहण्याची परवानगी दिली होती. आईला पाहणारा मुलगा पाहुणा, आणि घराची किल्ली तिऱ्हाइताच्या खिशात!

इथे आमची खानेसुमारी थिटी पडली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. यादीत ‘कॅमेरा’ असे स्वच्छ लिहिले होते. आम्ही त्याच्यापुढे बरोबरची खूण करून पुढे गेलो होतो. आजकालचे पुष्कळसे कॅमेरे घराचे दार उघडून कुणाची वाट पाहत नाहीत. ते स्वतःच कंपनीच्या दूरच्या संगणकाशी बोलत राहतात, आणि ज्याच्या नावावर खाते त्याला तिथून चित्र दिसते. घरात हाका मारून ते कळत नाही. गणना कोण आत आहे ते सांगते; तो कुणाशी बोलतो ते ज्याचे त्याला विचारावे लागते. मोबाइलचे सिम घालून चालणारा कॅमेरा असेल तर तो यादीत येतसुद्धा नाही, कारण तो आपल्या वायफायचे मीठ खातच नाही.

कारागिराला फोन केला. तो मुळीच खलपुरुष नव्हता. “सगळ्यांचं असंच करतो ताई,” तो मोकळेपणाने म्हणाला. “माणसं पासवर्ड विसरतात, मग रात्री-अपरात्री मलाच फोन येतात.” त्याच्या मोबाइलमध्ये कितीतरी घरांच्या ओसऱ्या, गोठे आणि जिने होते. तो ते पाहत नसेल. मला तसे खरोखर वाटते. पण त्याचा मोबाइल हरवला तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतली चित्रे यूट्यूब आणि टेलिग्रामवर विक्रीच्या जाहिरातीसारखी फिरताना आढळली. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी माग काढला तो थेट आपल्या महाराष्ट्रात आला. लातूर आणि सांगलीकडचे तरुण आणि एकजण प्रयागराजचा, अशी धरपकड झाली. त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ला एक-दोन-तीन जोडून केलेला होता असे पुढे वृत्तपत्रांत आले. त्या खोलीत आलेल्या स्त्रियांना कॅमेऱ्याची काळजी करायची असते हे कुणी सांगितले असेल? त्या दवाखान्यात आल्या होत्या.

कॅमेऱ्यांचा दुसरा एक पराक्रम ह्याहून जुना आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर हिंडू लागला. त्याची रीत अगदी भुरट्या चोराची होती: कारखान्यातून येताना असतात तसली नाव-पासवर्डांची साठ-एक जोडपी त्याला पाठ, आणि दिसेल त्या कॅमेऱ्याच्या, राऊटरच्या दाराला तो एकेक किल्ली लावून पाही. लाखो दारे अशीच उघडली. मग त्या साऱ्या वस्तूंना एकदम एकाच दिशेने ओरडायला लावायचे. २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेतल्या डिन नावाच्या कंपनीवर असा हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी ठिकाणे कित्येक तास लोकांना उघडेनात. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्या फौजेत होते, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचा कॅमेरा आपले काम करीतच होता. गंमत म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की मिराई पुसला जाई, आणि पासवर्ड तोच ठेवला की थोड्याच वेळात परत येई. असल्या लागणीसाठी आपल्या सरकारने २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले; साफसफाईची साधने तिथे फुकट मिळतात. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या अशा कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची तपासणी सक्तीची झाली आहे. चांगलेच झाले. पण भिंतीवर आधीपासून टांगलेल्या कॅमेऱ्याला ती कोण करणार?

मुठ्याला आम्ही जे केले ते असे. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबले की तो आपली पूर्वस्मृती विसरतो. कारागिराने त्याच्या बाजूची नोंद आधी काढून टाकली होती, नाहीतर काही कॅमेरे जुन्या मालकाला सोडतच नाहीत. मग खाते आत्याच्या नंबरावर उघडले. आता मालकीण आत्या आणि पाहुणा आतेभाऊ. तो पाहुणाच राहिला, पण आईचा. पासवर्ड लांबलचक ठेवला, भातांच्या जातींची नावे ओळीने लावून, म्हणजे आत्या तो झोपेतही विसरणार नाही. माळ्यावरच्या डब्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलला. राऊटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय काढता येते. तिथल्या माणसाला इंटरनेट मिळते, पण आतल्या खोल्या दिसत नाहीत. मुलीचा मोबाइल आणि आमच्यासारखे सणावाराला येणारे त्या बाजूला. गिझरचा प्लगही तिकडेच टाकला, कारण त्याला आत्याच्या मोबाइलशी ओळख ठेवायचे कारण नाही.

ओसरीतला कॅमेरा काढून अंगणातल्या फाटकाकडे तोंड करून लावला. आतेभावाला हे फोनवर आत्यानेच सांगितले. पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “म्हणजे दुपारी तू कापड टाकत होतीस?” आत्या म्हणाली, “तुझा माल टाकाऊ नव्हता रे.”

अकरा नावांचा तो कागद भाचीने नीट उतरवून काढला: खोली, आडनाव, वस्तू कुठे ठेवली आहे, कुणी आणली. शेवटचा रकाना आत्याच्या आग्रहाने घातला, “कशाला?” असा. राऊटरच्या रकान्यात तिने “सगळ्यांसाठी” असे लिहवले, टीव्हीच्या रकान्यात “कीर्तन”. पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी तिने स्वतःच्या हाताने लिहिला आणि पुढे शेजारच्या मुलीचे नाव घालून मुदत टाकली: दहावीच्या परीक्षेपर्यंत. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा पाहिले, तर ‘दहावी’ खोडून वर ‘बारावी’ केले होते.